समुद्रसशाची शिकवण

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथील खडकाळ किनाऱ्यापाशी पॅसिफिक महासागर अहोरात्र गर्जत असतो. भरतीच्या वेळी लाटा काळ्या कातळांवर अशा आवेशाने आदळतात की, तेथे एखादा जीव क्षणभर तरी तग धरू शकेल, असे पाहणाऱ्यास वाटत नाही. परंतु ओहोटी लागून पाणी मागे सरले आणि खडक उघडे पडले, म्हणजे निराळेच दृश्य दिसू लागते. कातळातील खोलगट जागी पाणी साचून लहान लहान डबकी तयार होतात आणि त्या प्रत्येक डबक्यात जिवांची एकेक वसाहत नांदत असल्याचे ध्यानात येते.

कोठे खडकाला घट्ट चिकटून बसलेल्या शिंपल्यांच्या रांगा असतात. कोठे पाच हातांचा तारामासा एखाद्या शिंपल्याला विळखा घालून त्याची दोन दारे उघडण्याच्या खटपटीत असतो. रंगीत पाकळ्यांचे फूल म्हणून जे दिसते, ते फूल नसून समुद्रफूल नावाचा मांसाहारी प्राणी असतो. लहान मासा जवळ येताच तो आपल्या विषारी ‘पाकळ्यां’नी त्याला पकडतो. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा खेकडा आपले घर पाठीवर घेऊन लगबगीने हिंडत असतो. तांबड्या, हिरव्या व तपकिरी शैवालांचे झुपके पाण्यात डुलत असतात. दिवसातून दोन वेळा येणारी भरती या सर्वांना ताजे पाणी व अन्न पुरवते. ओहोटीच्या काळात मात्र त्यांना उन्हाचा ताप, पक्ष्यांच्या चोची आणि कोरडे पडण्याचे संकट यांना तोंड द्यावे लागते.

याच डबक्यांत आणि त्यांच्या पलीकडील उथळ पाण्यात, शैवालांच्या दाटीत, एक मंदगती, मऊ अंगाचा प्राणी सावकाश चरत असतो. त्याला समुद्रससा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव ‘अप्लिशिया कॅलिफोर्निका’ असे आहे. नावात ससा असला, तरी सशाशी त्याचे काही नाते नाही. तो गोगलगाईच्या कुळातील आहे. त्याच्या डोक्यावर दोन उभट शिंगांसारखे अवयव असतात. तो अंग आखडून बसला, की हे अवयव सशाच्या कानांसारखे दिसतात. त्यावरून त्याला हे नाव पडले. हे नाव फार जुने आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्याकडील समुद्रसशाचा उल्लेख केला असून, त्याला विषारी ठरवले आहे.

गोगलगाईच्या पाठीवर शंख असतो. समुद्रसशाजवळ तसे घर नाही. त्याच्या शंखाचा एक पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक राहिला आहे, आणि तोही कातडीखाली झाकलेला असतो. पूर्ण वाढलेला समुद्रससा एक फुटाहून अधिक लांब भरू शकतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे तांबडे शैवाल. तो जे शैवाल खातो, त्याची छटा त्याच्या अंगावर उमटते, आणि म्हणून शैवालाच्या झुपक्यात तो सहसा ओळखू येत नाही. पाठीवरील मांसल पडद्याखाली त्याचा नाजूक कल्ला असतो. या कल्ल्याने तो श्वासोच्छ्वास करतो. कल्ल्याकडचे पाणी बाहेर टाकण्यासाठी एक आखूड मांसल नळी असते. हा कल्ला आणि ही नळी लक्षात ठेवावी. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ज्याला पळता येत नाही, ज्याच्याजवळ दात-नख्या नाहीत आणि लपायला शंखही नाही, असा प्राणी शत्रूंच्या राज्यात जगतो तरी कसा? निसर्गाने त्याला एक वेगळेच शस्त्र दिले आहे. समुद्रसशाला कोणी पकडले, की तो गडद जांभळ्या रंगाची शाई सोडतो. ही शाई तो खात असलेल्या तांबड्या शैवालातील रंगद्रव्यापासून बनते. केवळ हिरव्या शैवालावर वाढवलेल्या समुद्रसशाला अशी जांभळी शाई तयार करता येत नाही. शाईबरोबर तो एक पांढरा, चिकट द्रवही सोडतो.

ही शाई म्हणजे केवळ शत्रूच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार असावा, असे कोणालाही वाटेल. पण शेवंडींवर केलेल्या प्रयोगांतून २००५ साली एक नवल उघडकीस आले. या शाईत व चिकट द्रवात शेवंडीला अन्नाची चव देणारी द्रव्ये असतात. समुद्रसशाला पकडणारी शेवंड त्या चवीने फसते, हातचे भक्ष्य सोडते आणि शाईच्या ढगालाच अन्न समजून चाचपू लागते. तेवढ्या अवधीत समुद्रससा हळूहळू काढता पाय घेतो. बळ नसेल तेथे युक्ती कामास येते, ती अशी.

समुद्रसशाचे आयुष्य सुमारे एका वर्षाचे असते. तो शेवयांसारख्या लांबलचक, गुंतागुंतीच्या लडींच्या रूपाने अंडी घालतो. एका मोठ्या समुद्रसशाने सुमारे चार महिन्यांत घातलेल्या अंड्यांची मोजदाद एका शास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध केली. ती संख्या सुमारे ४७ कोटी ८० लाख भरली! अंड्यांतून बाहेर पडलेले सूक्ष्म डिंभ महिनाभर समुद्रात तरंगत राहतात. त्यांतील बहुतेक इतर प्राण्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जे थोडे वाचतात, ते तांबड्या शैवालावर उतरतात, तेथेच रूप पालटतात आणि नव्याने चरू लागतात.

असा हा क्षुद्र वाटणारा जीव. त्याच्यापासून मनुष्याने काही शिकावे, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तथापि, पाठ केलेली गोष्ट लक्षात कशी राहते, या अत्यंत अवघड प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा माणसाला याच प्राण्याने दिला. ती हकीकत समजण्यासाठी समुद्रकिनारा सोडून युरोपातील व्हिएन्ना शहराकडे वळले पाहिजे.

व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. तेथे खेळण्यांचे दुकान चालवणाऱ्या एका ज्यू गृहस्थाच्या घरी १९२९ साली एरिक कांडेल याचा जन्म झाला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी एरिकला नववे वर्ष पूर्ण झाले. वाढदिवसाची भेट म्हणून वडिलांनी त्याला निळ्या रंगाची एक चकचकीत खेळण्यातील मोटार दिली. दोनच दिवसांनी, रात्रीच्या वेळी, दारावर जोरजोराने थापा पडल्या. नाझी पोलिसांनी त्या कुटुंबाला घराबाहेर काढले. काही दिवसांनी ती माणसे परतली, तेव्हा घरातील मौल्यवान चीजवस्तू नाहीशा झाल्या होत्या, आणि ती निळी मोटारही गेली होती. पुढील वर्षी एप्रिलमध्ये एरिक व त्याचा थोरला भाऊ असे दोघेच मुलगे बोटीने अमेरिकेस निघाले. आईवडील मागाहून जाऊन पोहोचले.

मुलगा वाचला, वाढला, शिकला. परंतु दारावरच्या त्या थापा त्याच्या मनातून कधीच गेल्या नाहीत. एका रात्रीचा प्रसंग माणसाच्या मनात जन्मभर कसा टिकून राहतो? आणि हजार वेळा पाहिलेल्या इतर गोष्टी मात्र विसरतात, त्या का? हा प्रश्न त्याला छळू लागला. प्रथम त्याने इतिहास व वाङ्मय यांचा अभ्यास केला, नंतर वैद्यकाचा. शेवटी, स्मृती मेंदूत कोठे व कशी साठवली जाते, हे शोधून काढण्याचा त्याने निश्चय केला.

पण मनुष्याचा मेंदू म्हणजे एक घनदाट अरण्य होय. त्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात, आणि त्यांतील प्रत्येक पेशी इतर असंख्य पेशींशी जोडलेली असते. या अरण्यात एका आठवणीची पाऊलवाट शोधायची तरी कशी? कांडेल यांनी विचार केला की, अवघड गणित सोडवण्यापूर्वी सोपे सोडवावे. ज्याला शिकता येते, पण ज्याची मज्जासंस्था अगदी साधी आहे, असा प्राणी हवा. त्यांची नजर समुद्रसशावर स्थिरावली. त्याच्या शरीरात केवळ २०,००० च्या आसपास मज्जापेशी असतात, आणि त्याही नऊ पुंजक्यांत वाटलेल्या. शिवाय त्यांतील काही पेशी इतक्या मोठ्या असतात की, त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एकच विशिष्ट पेशी हेरून तीत काय घडते, ते पाहणे त्यामुळे शक्य होते.

अनेक जाणत्या शास्त्रज्ञांना ही निवड रुचली नाही. गोगलगाईच्या जातीचा प्राणी काय शिकणार, आणि त्याच्या शिकण्यावरून माणसाच्या बुद्धीचा उलगडा काय होणार, अशी शंका त्यांनी घेतली. या वाटेने गेल्यास हा तरुण आपले भवितव्य धोक्यात घालील, असेही काहींना वाटले. परंतु १९६२ साली कांडेल पॅरिसला गेले आणि समुद्रसशाच्या मज्जापेशींचे जाणकार लाडिस्लाव ताउच यांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे अमेरिकेत परतल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियाच्या समुद्रसशावर आपल्या सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षे प्रयोग केले.

प्रयोग अगदी साधे होते. समुद्रसशाच्या त्या मांसल नळीला पाण्याच्या बारीक धारेने हलकेच स्पर्श करायचा. स्पर्श होताच, नाजूक कल्ल्याला इजा होऊ नये म्हणून समुद्रससा तो चटकन आत ओढून घेतो. थोड्या वेळाने पुन्हा तसाच स्पर्श, मग पुन्हा. अशा स्पर्शांपासून काही अपाय होत नाही, हे जणू त्याला उमगते आणि कल्ला आत ओढण्याची क्रिया उत्तरोत्तर मंदावते. घड्याळाच्या टिकटिकीची सवय झाली म्हणजे ती माणसाला ऐकू येईनाशी होते, त्यातलाच हा प्रकार. याउलट, त्याच्या शेपटीला विजेचा धक्का दिला, तर तो सावध होतो, आणि नंतर नळीला नुसता हलका स्पर्श झाला, तरी कल्ला पूर्वीपेक्षा जोराने आत ओढून घेतो. विंचू चावलेला मनुष्य पुढे काही काळ पायाला दोरी लागली, तरी दचकतो, तसेच हे. सारांश, समुद्रससा शिकतो आणि शिकलेले लक्षातही ठेवतो.

यापुढील प्रयोग विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काही समुद्रसशांना एकाच बैठकीत लागोपाठ ४० वेळा स्पर्श करण्यात आला. ते त्या स्पर्शाला सरावले खरे, परंतु त्यांची ही शिकवण जेमतेम एक दिवस टिकली. दुसऱ्या काही समुद्रसशांना रोज १० याप्रमाणे चार दिवस स्पर्श करण्यात आला. स्पर्शांची एकूण संख्या तीच, ४०. पण या दुसऱ्या गटाची शिकवण कित्येक आठवडे टिकली! फरक एवढाच होता की, दोन धड्यांच्या मध्ये त्यांना विसावा मिळाला होता.

असे का व्हावे? कांडेल आणि त्यांचे सहकारी यांनी प्राण्याच्या बाहेरील हालचालीवर समाधान न मानता आतल्या पेशींकडे लक्ष वळवले. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते, तो दोघींच्या संधिस्थानी एक रासायनिक द्रव्य सोडून. आठवण थोड्या वेळाची असते, तेव्हा या द्रव्याचे प्रमाण तेवढे काही काळ कमी-अधिक होते. पेशीच्या रचनेत बदल होत नाही. रस्ता तोच, त्यावरील वर्दळ मात्र वाढते किंवा घटते. परंतु मधून मधून विसावा देऊन तीच गोष्ट पुनःपुन्हा घडली, म्हणजे पेशी नवी प्रथिने तयार करते आणि तिला नवे फाटे फुटतात. नळीचा स्पर्श जाणणाऱ्या एका पेशीची सुमारे १,३०० संधिस्थाने मोजण्यात आली होती; विजेच्या धक्क्यांची आठवण पक्की झाल्यावर ती सुमारे २,७०० झाली! उलट, जे समुद्रससे हलक्या स्पर्शाला दीर्घकाळासाठी सरावले होते, त्यांच्यात ही संख्या घटून सुमारे ८५० वर आली.

याचा अर्थ असा की, पक्की आठवण म्हणजे शरीरात उभे राहिलेले बांधकामच होय. बांधकामाला वेळ लागतो. भिंतीचा एक थर रचल्यावर गवंडी तो सुकू देतो आणि मग दुसरा रचतो. सारी भिंत एका दमात उभारली, तर ती ढासळते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकलेला धडा दोन दिवसांत पुसला जातो आणि रोज थोडा थोडा आळवलेला पाढा म्हातारपणापर्यंत साथ देतो, याचे कारण आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण उगीच रूढ झाली नाही. समुद्रसशाने त्या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळवून दिला.

मनुष्याची स्मृती समुद्रसशाच्या स्मृतीहून अनेक पटींनी गुंतागुंतीची आहे. समुद्रसशाला आपले बालपण आठवत नाही, त्याला घर नाही की गाव नाही. नऊ वर्षांच्या मुलाने ऐकलेल्या दारावरच्या थापा आणि नळीला झालेला पाण्याचा स्पर्श यांची तुलना कशी व्हावी? तरीही मज्जापेशींची मूलभूत भाषा दोघांतही पुष्कळशी सारखीच आहे, असे पुढील संशोधनातून दिसून आले. या कार्यासाठी एरिक कांडेल यांना २००० साली आर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ज्या घरातून त्यांना एका रात्री हाकलून देण्यात आले, त्या घराची आठवण त्यांना एवढ्या दूरच्या किनाऱ्यापर्यंत घेऊन आली होती.

समुद्रसशाच्या निरनिराळ्या जाती भारताच्या किनाऱ्यांवरही आढळतात. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत डोकावणाऱ्या चौकस मुलाला एखादा समुद्रससा शैवालावर सावकाश चरताना दिसू शकतो. कुतूहलाने पाहावे, पण त्याला उचलून किनाऱ्यावर आणू नये. भरतीबरोबर येणारे ताजे पाणी आणि सभोवतीचे शैवाल हेच त्याचे घर. त्या डबक्यात कचरा टाकला, खडक उलथेपालथे केले, शैवाल खरवडून काढले, तर केवळ एक प्राणी नव्हे, त्याच्या आधाराने जगणारी सारी वसाहत नष्ट होते. आणि त्या वसाहतीतील कोणता मुका जीव उद्या माणसाला कोणता धडा देईल, हे आज कोण सांगू शकेल?

दिसायला ओबडधोबड, चालीला मंद आणि आयुष्य अवघ्या वर्षाचे. पण या समुद्रसशाने माणसाला त्याच्या स्वतःच्या मनाचे एक दार उघडून दिले. सृष्टीच्या पाठशाळेत गुरू लहान की मोठा, हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. शिकणाऱ्याची दृष्टी तेवढी नम्र व जागरूक असावी लागते.

कठीण शब्दांचे अर्थ

अहोरात्र – रात्रंदिवस. आवेश – जोर. मंदगती – हळू चालणारा. कल्ला – पाण्यात श्वास घेण्याचा अवयव. शेवंड – समुद्रातील एक मोठा कवचधारी प्राणी. डिंभ – अंड्यातून निघालेले, पूर्ण रूप न आलेले पिल्लू. मज्जापेशी – शरीरातील निरोपांची ने-आण करणारी पेशी. संधिस्थान – दोन गोष्टी जेथे मिळतात ती जागा. गिळंकृत करणे – बळजबरीने ताब्यात घेणे. वर्दळ – ये-जा.

अभ्यास

१. समुद्रसशाला हे नाव कशावरून पडले?

२. समुद्रससा शेवंडीच्या तावडीतून कसा सुटतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.

३. कांडेल यांनी आपल्या प्रयोगांसाठी समुद्रसशाचीच निवड का केली?

४. ४० स्पर्श एकाच बैठकीत केल्यास आणि चार दिवसांत विभागून केल्यास काय फरक पडला? त्यापासून विद्यार्थ्याने कोणता बोध घ्यावा?

५. ‘पक्की आठवण म्हणजे शरीरात उभे राहिलेले बांधकामच होय,’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, काढता पाय घेणे, भक्ष्यस्थानी पडणे, डोळ्यांत धूळ फेकणे.

७. दहा ओळींची एक कविता निवडा. तिच्यातील पहिल्या पाच ओळी एकाच दिवशी आणि उरलेल्या पाच ओळी रोज थोडा वेळ याप्रमाणे चार दिवस पाठ करा. पंधरा दिवसांनी कोणत्या ओळी अधिक आठवतात, ते वहीत लिहून ठेवा.